बुडालेल्या मेरेवरची काठी

मित्रांनो, मी चिवारीची एक काठी आहे. चिवारी म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात होणारा भरीव आणि चिवट बांबू. काठी म्हटले की तुम्हाला म्हाताऱ्या माणसाच्या हातातली किंवा गुराख्याच्या खांद्यावरची काठी आठवेल. मी तशी नाही. माझ्या टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक पारदर्शक दोरी बांधलेली असते आणि तिच्या शेवटी गरी असते. गरी म्हणजे मासे पकडायचा गळ. गरीने मासे धरण्याला आमच्याकडे गरवणे म्हणतात. माझे सारे आयुष्य गरवण्यात गेले.

मला घडवले गुरुदासने. तो रेडीच्या बंदरात लोखंडाची माती वाहणाऱ्या बार्जवर कामाला होता. एकदा मार्गशीर्षात रजेवर आला असताना तो आपल्या मामाच्या गावी गेला आणि तिथल्या बांबूच्या बेटातून त्याने मला अंधाऱ्या पंधरवड्यात तोडून आणले. चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते, असे त्याचे म्हणणे होते. महिनाभर मी चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडले होते. मग त्याने मला विस्तवावर फिरवून सरळ केले आणि काजूच्या टरफलांचे तेल चोळले. त्या तेलाने त्याच्या बोटांची सालपटे निघाली, पण माझ्या अंगाला तेव्हा जी लकाकी आली ती पुढे कित्येक वर्षे टिकली.

गुरुदासचे घर मालवणच्या उत्तरेला, समुद्राकाठी होते. पहिल्या दिवशी तो मला घेऊन खडपावर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या खडकांवर गेला. सकाळपासून दुपारपर्यंत बसला, पण एक मासा लागला नाही. दुपारी त्याची बायको सत्यवती जेवण घेऊन आली. तो भाकरी खाईपर्यंत तिने मला नुसते धरून ठेवले, आणि तेवढ्यात हातभर लांबीची तांबोशी लागली. तांबोशी हा लाल अंगाचा, मोठ्या ताकदीचा मासा. सत्यवतीने ती वर ओढली आणि पदराने हात पुसला. गुरुदास तोंडातला घास गिळून म्हणाला, "ही काठी आता माझी नाय. तुझ्या हाताक बसली."

त्या दिवसापासून मी सत्यवतीची झाले.

मित्रांनो, खडपावर गरवणारी बाई त्या गावात दुसरी नव्हती. बायका तिथे खडकाला चिकटलेली कालवे काढायला येत, तिसऱ्यांच्या शिंपल्या गोळा करायला येत, पण काठी घेऊन उभी राहणारी तीच एकटी. ती माझ्या बुडाशी अंगठा दाबून धरायची. पाण्याखाली कोण आले आहे ते मी अंगातून तिच्या अंगठ्याला सांगायचे. गोबरा मासा आमिष तोंडात धरून कपारीत शिरतो, तेव्हा दगड ओढल्यासारखे वाटते. तांबोशी एकच हिसका देते. खेकडा नुसता खाजवतो. काही वर्षांनी असे झाले की मासा वर येण्याआधीच ती त्याचे नाव सांगायची. गुरुदास गेला त्या वर्षी तेवढी ती दोन महिने खडपावर आली नाही. मग आली, आणि रोज येऊ लागली. अलीकडे मालवणला येणारे पर्यटक तिचे मोबाईलवर फोटो काढायचे. फोटोत माझे टोक बहुधा कापलेलेच असायचे, पण मला त्याचे वाईट वाटत नसे.

तिच्या डोळ्यांना काहीतरी होते आहे, हे सर्वांत आधी मला कळले. पूर्वी ती गरीला तंगूस बांधायची ती बोलता बोलता. हळूहळू ते काम ती ओठांनी चाचपून करू लागली. बाजूने आलेली लाट तिला दिसेनाशी झाली. तिने हे कोणालाही सांगितले नाही. शेवटी एका सकाळी शेवाळावरून तिचा पाय सरकला. नडगी फुटली, टोपली लाटेबरोबर गेली, आणि ती माझ्यावर भार देऊन कशीबशी उठली. शेजाऱ्यांनी तिच्या मुलीला फोन केला.

तिची मुलगी दिव्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. लग्नानंतर ती तळेऱ्याहून थोडे आत, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत राहते. ती आली आणि आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. एक डोळा पुरता गेला होता. दुसऱ्याने उजेड आणि सावली तेवढी कळत होती, आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. दिव्याने आईचे कपडे पिशवीत भरले, घराला कुलूप लावले आणि तिला आपल्याकडे नेण्याचे ठरवले. सत्यवती कशालाच नाही म्हणाली नाही. फक्त निघताना तिने पडवीतून मला उचलले.

एसटीच्या दाराशी कंडक्टरने आम्हाला अडवले. त्याने अगदी नम्रपणे सांगितले, "आजी, एवढी लांब काठी गाडीत नेता येणार नाही."

"मगे माकाय घेव नकात," सत्यवती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

दिव्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मागे रांग लागली होती. अखेर कंडक्टरने मला मधल्या वाटेत आडवे ठेवायला सांगितले. कणकवलीपर्यंत अनोळखी माणसांचे पाय माझ्या दोन्ही बाजूंना होते, आणि कोणी चढले-उतरले की सत्यवती माझे बूड हाताने घट्ट धरायची.

दिव्याचे सासरचे लोक शेतकरी. भात, काजू, थोडे आंबे. घरात नवरा सर्वेश आणि सासू शेवंती, एवढीच माणसे. सर्वेश मनाने चांगला होता. शेवंती कमी बोलणारी होती. दिवसभर तिचे हात कामात असत आणि मुलीच्या आईने मुलीच्या सासरी येऊन राहणे तिला जरा अवघड वाटत होते. तिने तसे तोंडाने म्हटले नाही, पण विहीणबाईंचे ताट ती नेहमी पाहुण्यांच्या भांड्यांत वाढायची.

सत्यवतीसाठी पडवीत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली गेली. चहा तिच्या हातात येई, औषधाचे थेंब वेळेवर डोळ्यांत पडत, दुपारी उशी मिळे. तिने नारळ सोलते म्हटले तर दिव्या म्हणे, कोयता लागेल. तांदूळ निवडते म्हटले तर खडे राहतील. भांडी घासते म्हटले तर शेवंती म्हणे, पाहुण्यांनी काय भांडी घासायची. सगळे मायेनेच चालले होते, मित्रांनो. पण मी पाहत होते, तिचे हात मांडीवर पडून राहत आणि बोटे आपोआप अंगठ्याशी चाळा करीत.

आणि मी? मला त्यांनी गोठ्याबाहेर दोन खांबांना आडवे बांधले आणि माझ्यावर कपडे वाळत घातले. सर्वेशच्या विजारी, दिव्याची पांढरी साडी, टॉवेल. ओल्या कपड्यांच्या भाराने मी मध्ये वाकू लागले. दोन महिन्यांत माझ्या अंगावर काळे डाग पडले.

त्या घरापासून अर्ध्या मैलावर एक तलाव होता. चौदा वर्षांपूर्वी ओढ्यावर बांध घालून तो केलेला. गावात त्याला धरणच म्हणत. सत्यवतीला तो आधी वासाने कळला. शेवंतीची म्हैस संध्याकाळी परत येई तेव्हा तिच्या अंगाला पाणवनस्पतींचा हिरवट वास असे. एके दिवशी तिने सर्वेशला विचारले की तिथे मासे आहेत का. सर्वेश म्हणाला, मरळ आहे. मरळ म्हणजे सापासारख्या डोक्याचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पण ती सहज लागत नाही, आणि खाऱ्या पाण्याच्या माणसांना तर नाहीच, असे म्हणून तो हसला. त्याच्या मनात काही नव्हते. सत्यवतीचा अंगठा मात्र बोटांवर दाबला गेला, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना ती गोठ्यापाशी आली. एकेक कपडा चाचपून काढला, घडी करून दगडावर ठेवला आणि मला सोडवले. घराजवळून धरणापर्यंत गेलेल्या कालव्याच्या सिमेंटच्या भिंतीला माझे टोक लावत लावत ती निघाली. भिंत संपेपर्यंत तिने पावले मोजली. सहाशे चाळीस. मग पायाखाली ओला चिखल लागला तेव्हा ती थांबली, खाली बसली, कमरेची पुरचुंडी सोडून सुक्या कोळंबीचा तुकडा गरीला लावला आणि मला पाण्यावर धरले.

मित्रांनो, खरे सांगते, मी घाबरले. समुद्र बोलका असतो. तो खडपावर आपटतो, ओढतो, भरतो, ओसरतो. त्यावरून मासा कुठे असेल हे आम्हाला कळे. हे पाणी नुसते पडून होते. त्याला ना भरती, ना ओहोटी. तंगूस सैल पडली आणि सैलच राहिली. माझ्याजवळ सत्यवतीला सांगायला काहीच नव्हते.

तासाभराने दिव्या धावत आली. उपकेंद्रातून ती जेवायला घरी आली होती आणि रिकामी खुर्ची आणि दगडावरचे कपडे पाहून तशीच निघाली होती. घरी नेऊन ती आईवर खूप बोलली, आणि मग रडली. सत्यवतीने तिला रडू दिले. मग म्हणाली, "दिव्या, माझे डोळे गेलेत. हात जावक नाय. तू माका चाय देतस, औषध देतस, बसूक खुर्ची देतस. काम मातर माका कोण देणा नाय."

दिव्याने डोळे पुसले. एवढ्यात चुलीपाशी बसलेली शेवंती मान वर न करता म्हणाली, "मी म्हशीक पाण्यार नेतंयच. विहीणबाई येवंदेत माझ्यावांगडा."

दिव्याने बराच विचार केला. मग तिने एक अट घातली. "आये, एकदा जरी पडलस, तर परत तळ्यार जावचा नाय. कबूल?"

"कबूल," सत्यवती म्हणाली.

अशा रीतीने आमचे शिक्षण सुरू झाले. रोज चार वाजता शेवंती म्हशीला घेऊन पुढे चाले आणि तिच्या पदराचे टोक धरून सत्यवती मागे. तलावावर पोचले की शेवंती म्हशीला पाण्यात सोडी आणि तलावाकडे पाठ करून एका दगडावर बसे. पाण्याकडे ती कधी पाहत नसे. मला ते विचित्र वाटे, पण सत्यवतीला ते दिसत नव्हते.

सुकी कोळंबी उपयोगाची नव्हती. ती खेकड्यांनी नेली. मग सत्यवतीने गांडुळे लावली. त्यांना बोटभर मासे लागले, ते मांजराने खाल्ले. शिशाचे वजन लावले तर गरी तळाशी जाऊन अडकायची. तंगूस ओढता ओढता तुटायची. समुद्रात वीस वर्षांत जेवढ्या गऱ्या गेल्या नसतील तेवढ्या इथे महिनाभरात गेल्या. सर्वेश कणकवलीहून नव्या गऱ्या आणून द्यायचा आणि आज काय लागले, असे रोज विचारायचा. पहिल्यांदा तो हसत विचारी. पुढे पुढे हसेनासा झाला, कारण उत्तर देताना सत्यवतीचा आवाज कधी खाली येत नसे. आज नाही, असे ती सांगे आणि उद्यासाठी तंगूस नीट करायला घेई.

एका संध्याकाळी बाराव्यांदा गरी अडकली तेव्हा तिने मला उजवीकडून ओढले, डावीकडून ओढले. मग शेवंतीला विचारले की इथे पाण्यात काही दिसते का. शेवंती मागे वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, "तुमची गरी खंय अडाकता ता माका ठावक आसा. थय आमचो पणस होतो."

सत्यवतीने तंगूस सैल सोडली.

मग शेवंतीने सांगितले. या पाण्याखाली तिची शेते होती. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिने तिथे लावणी केली होती. धरण झाले तेव्हा झाडे तोडली, पण बुंधे राहिले. पाणी चढताना तिने एकदाच पाहिले, आणि त्यानंतर चौदा वर्षे तिने त्या बाजूला तोंड केले नव्हते. म्हशीला दुसरीकडे पाणी नाही म्हणून ती यायची, एवढेच. हे सारे तिने एका दमात आणि कोरड्या आवाजात सांगितले.

सत्यवतीने तिचे सांत्वन केले नाही. ती म्हणाली, "मगे सांगा माका, खाली काय काय आसा. सगळा सांगा."

मित्रांनो, त्यानंतरचे चार-पाच दिवस आम्ही गरवलेच नाही. दोघी काठावरच्या वाळूत बसल्या. शेवंती सांगत गेली आणि सत्यवती मांडत गेली. भाताच्या शेताच्या चौकोनी तुकड्याला आमच्याकडे कुणगा म्हणतात आणि त्याच्या बांधाला मेर. सात कुणगे होते. प्रत्येक मेरेसाठी सत्यवतीने माडाच्या झावळीचा एक हीर पुरला. फणसाच्या बुंध्याला दगड ठेवला. वरच्या कुणग्याच्या कोपऱ्यात विहीर होती, बाव म्हणतात तिला, तिच्यासाठी नारळाची करवंटी वाळूत दाबली. मग ती बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहू लागली, पोरे पाढे घोकतात तसे. मधल्याच एका मेरेवर शेवंती अडखळली. ती सरळ होती की वाकडी, तिला आठवेना. ती उठली, वळली आणि डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे पाहू लागली. खूप वेळ पाहत राहिली. मग येऊन खाली बसली आणि तिने स्वतःच्या हाताने तो हीर उपटून थोडा तिरका लावला.

आता आम्हाला तळ कळला. पण मासा कुठे थांबतो हे अजून कळले नव्हते. तेही शेवंतीच्याच तोंडून आले, आणि तिला आपण काही विशेष सांगतो आहोत याची कल्पनासुद्धा नव्हती. ती म्हणाली की पूर्वी भर पावसात शेतात पाणी साचले की मरळ वर येत असे, मेरेला अंग लावून दबा धरत असे आणि उन्हे उतरली की बेडकांवर झडप घालत असे. सत्यवतीचा माझ्यावरचा अंगठा एकदम दाबला गेला. समुद्रातला गोबराही असाच कपारीला अंग लावून बसतो. पाणी गोडे असो वा खारे, शिकारी मासा उघड्यावर राहत नाही. त्याला आडोसा लागतो.

त्या दिवसापासून आम्ही तळाचा नाद सोडला. शिशाचे वजन काढून टाकले. लहान बेडूक गरीला लावून, तंगूस आखूड ठेवून, मेरेच्या वरच्या बाजूला नेमका सोडायचा, आणि तोही ऊन कलल्यावर. नेम धरणे फार कठीण होते. मावळतीचे ऊन गालाच्या कुठल्या भागावर लागते आहे त्यावरून सत्यवती दिशा ठरवायची. बेडूक पडला की शेवंती सांगायची, हातभर डावीकडे, नाहीतर दोन हात पुढे. कधी बेडूक मेरेपलीकडे पडे, कधी गवतात. सत्यवती पुन्हा टाकी. एका संध्याकाळी मी मोजले, तिने एकशे दहा वेळा टाकला. रात्री तिचा खांदा चढला, तरी दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच ती दाराशी तयार.

फाल्गुन गेला. पाणी खाली उतरू लागले आणि वरच्या मेरेवर गुडघाभरच पाणी उरले. चैत्रातल्या एका संध्याकाळी वारा अजिबात नव्हता. सत्यवती काठावरच्या चिखलात, वरच्या कुणग्याच्या समोर उभी होती. बेडूक तिने टाकला, आणि शेवंतीने काहीच सांगितले नाही, म्हणजे तो बरोबर पडला होता.

आधी एक हलकासा धक्का आला. मी तो तिच्या अंगठ्याला दिला. ती हलली नाही. मरळ आमिष आधी तोंडात धरते आणि मग गिळते, हे ती तीन वेळा चुकून शिकली होती. तिने मनात काहीतरी मोजले. मग मला वर उचलले आणि माझे सगळे अंग धनुष्यासारखे वाकले.

मित्रांनो, बावीस वर्षांत मी बऱ्याच ताकदीचे मासे पेलले. पण तेव्हा मी तरुण होते आणि माझ्यावर कोणी ओले कपडे वाळवले नव्हते. वाकलेल्या जागी माझ्या आत काहीतरी कुरकुरले. सत्यवतीलाही ते कळले. मला वाचवायचे तर माशाच्या मागे जायला हवे होते, म्हणून ती एक पाऊल पाण्यात गेली. पाणी पोटरीपर्यंत आले. मरळ कोपऱ्याकडे धावली. सत्यवतीने दुसरा पाय उचलला.

"थांब गो," शेवंतीचा आवाज आला. "फुडे बाव आसा. खाली बस."

त्या क्षणापर्यंत शेवंतीने तिला कधी गो म्हटले नव्हते. सत्यवतीने ना विचारले, ना वळून पाहिले. ती होती तिथे, पाण्यातल्या चिखलात गुडघ्यांवर बसली. उचललेला पाय जिथे पडला असता तिथे दोन पुरुष खोल पाणी होते. मला तिने छातीशी धरून ठेवले. मरळ ओढत होती, माझ्या अंगात तडा वर वर सरकत होता, आणि सत्यवतीला पुढे जाता येत नव्हते.

मग शेवंती पाण्यात उतरली. लुगडे गुडघ्यावर खोचून ती आपल्या बुडालेल्या मेरेवर चढली आणि तिच्यावरून चालत निघाली. तिचे पाय एकदाही चाचपडले नाहीत. चाळीस पावसाळे ती त्याच बांधावरून डोक्यावर तरव्याचे, म्हणजे भाताच्या रोपांचे भारे घेऊन गेली होती. माझ्या टोकापाशी येऊन तिने तंगूस हाताला गुंडाळली. त्याच वेळी मी कड्कन मोडले. माझे दीड फूट टोक वेगळे होऊन पाण्यात पडले. पण तंगूस शेवंतीच्या मुठीत होती. तिचा तळवा कापला, तरी तिने ती सोडली नाही. ती मेरेवरून मागे मागे चालत आली, आणि सत्यवतीने पाण्यात हात घालून मरळीला कल्ल्यापाशी धरले.

सत्यवतीच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी ती मरळ होती. दोघी काठावर बसून धापा टाकत होत्या. म्हैस केव्हाच बाहेर येऊन उभी होती. सत्यवतीने मरळीच्या अंगावरून हात फिरवला, डोके, डोळे, खवले, शेपूट, सगळे नीट पाहून घेतले. मग तिने चिखलात माझा तुटका शेंडा शोधायला सुरुवात केली. शेवंतीने तो पाण्यातून आणून तिच्या हातात दिला.

घरी पोचलो तेव्हा दिव्या अंगणात होती. आईचे लुगडे छातीपर्यंत चिखलाने भरलेले, सासूच्या हातातून रक्त येत होते. दिव्याने आधी तो हात धुतला आणि पट्टी बांधली. मग ती आईकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की ती अटीची आठवण देणार.

ती काही बोलण्याच्या आधी शेवंती म्हणाली, "पडूक नाय ती. मी बस म्हटलंय, म्हणान बसली."

दिव्या सासूकडे पाहत राहिली. शेवंतीने डोळे खाली केले नाहीत. ते खरेच होते. मी साक्षीला होते, पण मला कोण विचारणार? थोड्या वेळाने दिव्या आत गेली आणि आईसाठी कोरडे लुगडे घेऊन आली. अटीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी सत्यवती कपडे बदलून खुर्चीकडे निघाली होती. शेवंतीने तिला स्वयंपाकघरात बोलावले. पाट ठेवला, विळी ठेवली, राखेचे भांडे शेजारी सरकवले. "मरळ तू धरलस," ती म्हणाली, "कापतलस पण तूच."

सत्यवतीने राख लावून मरळ हाताळली आणि एकसारख्या तुकड्या पाडल्या. कालवणात तिरफळे घालायची की नाही यावरून दोघींचे थोडे वाजले. समुद्राकाठची माणसे बांगड्याला घालतात, तशी मरळीला घालायची नसतात, असे शेवंतीचे मत होते. शेवटी दोन तिरफळे पडली. सर्वेशने तीन वेळा भात घेतला आणि एकदाही विनोद केला नाही. सत्यवतीचे ताट त्या दिवशी घरातल्या रोजच्या ताटांपैकी एक होते. तिला ते काठावर बोट फिरवल्याबरोबर कळले.

मला वाटले होते, आता चुलीत जायची वेळ आली. पण दुसऱ्या दिवशी सर्वेशने माझे मोडलेले तोंड तासून गुळगुळीत केले, तडा गेला होता तिथे तांब्याची तार घट्ट गुंडाळली आणि काजूच्या टरफलांचे तेल चोळले. त्याच्या बोटांचीही सालपटे निघाली. मी आता साडेसात फूट आहे. पूर्वीइतकी लांब पोचत नाही, पण बुडालेली वरची मेर माझ्या आवाक्यात आहे. शेवंतीनेही स्वतःसाठी एक नवी चिवारी तोडून आणली आहे. ती अजून कच्ची आहे, फार लवचीक, आणि शेवंती तिला फार जोराने ओढते. सत्यवती तिच्या मनगटावर हात ठेवून तिला हळू ओढायला शिकवते. मागच्या पावसाळ्यात मेरेपाशी लालसर पिलांचा थवा पाण्यावर फिरताना शेवंतीला दिसला. मरळ आपल्या पिलांखाली राखण करत फिरते. शेवंतीने तसे सांगताच सत्यवतीने तंगूस गुंडाळली, आणि पिले मोठी होईपर्यंत आम्ही त्या मेरेवर गेलो नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कुठे अडकवलेली असेल. तिला एकदा खाली काढा, पुसा, तेल लावा, आणि ती कशासाठी घडवली होती ते विचारून घ्या. पाण्यावर गेलात तर तुटलेली तंगूस आणि गरी काठावर टाकून येऊ नका. तिथे म्हशी उतरतात, बायका अनवाणी चालतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चहा जरूर द्या, उशी द्या, पण त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याला काय येते ते आधी त्याच्या शेजारी बसून पाहा.

आज चार वाजत आले आहेत. शेवंतीने म्हशीचा दोर सोडला आहे, आणि सत्यवती बेडकांचा डबा शोधते आहे. तो मांजराने पुन्हा कुठेतरी लोळवला असणार.